रद्दीतून वाचलेले अंक

न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन कंपनीनं १ मार्च १९३८ या तारखेचा ४१२ डॉलरचा एक चेक फाडला. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या तेविशीतल्या दोन मित्रांच्या नावे तो होता. त्यातले १३० डॉलर ‘सुपरमॅन’चे. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर, आणि त्याच रकमेत त्या पात्राचे सगळे हक्क कंपनीकडे. बाकीचे पैसे दोघांच्या इतर चित्रमालिकांचे होते. ती तेरा पानं ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापून आली. अंकावर जून १९३८ हा महिना, किंमत दहा सेंट, आणि मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचलून धरलेला निळ्या-तांबड्या वेशातला माणूस.

२०१२ साली तो वटलेला जुना चेकच लिलावात आला आणि १ लाख ६० हजार डॉलरला गेला. अंकाचे आकडे त्याहून कितीतरी पुढचे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलावगृहात त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, ‘सुपरमॅन’ याच नावानं १९३९ साली निघू लागलेल्या स्वतंत्र नियतकालिकाचा पहिला अंक तिथेच ९१ लाख २० हजारांवर गेला. आणि जानेवारी २०२६ मध्ये ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाची आणखी एक प्रत खासगी व्यवहारात दीड कोटी डॉलरला विकली गेल्याचं जाहीर झालं.

वर्तमानपत्रांत या बातम्या येतात तेव्हा त्या लॉटरीच्या बातम्यांसारख्या वाचल्या जातात. कुणाच्या तरी माळ्यावर काहीतरी सापडलं, कुणीतरी वेडा श्रीमंत निघाला, संपलं. पुढच्या पानांत जे आलं आहे ते या समजाला छेद देणारं आहे. जुन्या कॉमिक्सच्या बाजाराला स्वतःचे नियम आहेत, स्वतःची मोजमापं आहेत, आणि जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ज्या वस्तू फेकून देण्यासाठीच छापल्या गेल्या, त्यांतल्या ज्या फेकल्या गेल्या नाहीत, त्यांनाच आज हा भाव आहे. जपून ठेवण्यासाठी म्हणून छापलेल्या अंकांची गत काय झाली, तेही पुढे येईलच.

‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या असं मानलं जातं. आज त्यांतल्या शंभरच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? कॉमिक्स हा त्या काळी पोरासोरांचा माल होता. स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलेला, दोन पिनांनी टाचलेला. त्या कागदातल्या लाकडाच्या लगद्यात मुळातच आम्ल असतं, त्यामुळे उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटी बोट लावलं तरी त्याचा तुकडा पडतो. पोरं अंक गुंडाळी करून मागच्या खिशात कोंबत, मित्राला देत, त्याच्याकडून दुसरा घेत. एक अंक पाचसहा हातांतून फिरून मग चुलीत किंवा कचऱ्यात जाई. त्यावर दुसरं महायुद्ध आलं. सैन्याला लागणाऱ्या पुठ्ठ्यासाठी जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा गावोगाव निघाल्या आणि शाळकरी मुलांनी स्वतःच्या हातांनी आपले गठ्ठे आणून दिले. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच उलट दिशेनं लाट आली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात या भीतीनं काही गावांत शाळा-चर्चच्या पुढाकारानं त्यांच्या होळ्या पेटल्या. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं, त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमांची संहिता लादून घेतली. भयकथांची एक अख्खी शाखा त्यात बुडाली. वर्थॅम यांनी ज्या अंकांचा दाखला देऊन त्यांना धोकादायक ठरवलं होतं, ते अंक आज संग्राहक नाव घेऊन शोधतात आणि त्यांना त्याच मालिकेतल्या शेजारच्या अंकांपेक्षा जास्त पैसे मोजतात.

अशा सगळ्यातून जे वाचलं ते कसं वाचलं, याच्या गोष्टी मला या विषयातल्या सर्वांत मोलाच्या वाटतात. १९७७ साली कोलोरॅडोमधल्या एका घरात एडगर चर्च नावाच्या जाहिरात-चित्रकाराचा संग्रह उघडकीला आला. अठरा ते बावीस हजार कॉमिक्स. कपाटात छातीएवढ्या उंचीच्या थप्प्या लावलेल्या. वरच्या वजनानं खालचे अंक सपाट राहिलेले, कोलोरॅडोच्या कोरड्या हवेनं कागद ओला होऊ दिलेला नाही, अंधारानं रंग उडू दिलेले नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचे अंक कालच स्टॉलवरून आणल्यासारखे. चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्यानं तो संग्रह घेतला आणि त्या काळच्या दरपुस्तकात लिहिलेल्या भावाहून चढ्या भावानं विकायला सुरुवात केली. लोक चिडले, आणि विकतही घेत राहिले. ‘प्रत कोणत्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न ‘प्रत आहे का’ या प्रश्नाइतकाच मोठा झाला तो तिथून. ‘माइल हाय’ या नावानं ओळखले जाणारे ते अंक आजही वेगळ्या रांगेत बसतात. संग्रहाच्या कुळाला बाजारात पेडिग्री म्हणतात, आणि हे त्यातलं पहिलं घराणं.

२०१२ मध्ये बिली राइट यांचा संग्रह लिलावात आला. व्हर्जिनियात लहानाचे मोठे होताना या माणसानं दहा-दहा सेंटांना घेतलेले ३४५ अंक आयुष्यभर जवळ ठेवले. ते त्याविषयी कधी फारसं बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात तळघरातल्या कपाटात ते सापडले. त्यात ‘ॲक्शन’चा पहिला अंक होता आणि बॅटमॅन पहिल्यांदा आला तो १९३९ सालचा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा सत्ताविसावा अंकही होता. सगळे मिळून सुमारे ३५ लाख डॉलर झाले. एका मुलानं, कुणी न सांगता, नेमके तेच अंक कसे निवडले असतील याचं मला राहून राहून नवल वाटतं. २०२५ मध्ये ९१ लाखांना गेलेला ‘सुपरमॅन’चा पहिला अंकही असाच. उत्तर कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या पश्चात तिच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली एका खोक्यात तो मिळाला. तिथली थंड हवा कागदाला मानवली. त्याच माळ्याचं घर उष्ण आणि दमट प्रदेशात असतं तर खोक्यात भुकटी उरली असती.

आणि एक गोष्ट याच्या उलट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एकानं दहा हजार डॉलरच्या आसपास पैसे देऊन एक पडकं घर घेतलं. भिंत तोडताना थंडी अडवायला आत कोंबलेले जुने कागद निघाले आणि त्या कागदांत ‘ॲक्शन’चा पहिला अंक निघाला. आनंदाच्या भरात घरातल्यांत अंकावरून ओढाताण झाली आणि मागचं पान फाटलं. २०१३ मध्ये ती प्रत १ लाख ७५ हजार डॉलरला गेली. त्या एका फाटण्यानं सुमारे ७५ हजार डॉलर उतरले असा लिलाव करणाऱ्यांचा अंदाज होता.

एका फाटक्या पानाला इतक्या नेमकेपणानं पैशांत मोजता येतं याचं कारण, या बाजारानं मोजण्याची साधनं हळूहळू घडवली. पहिलं साधन म्हणजे यादी. १९६१ मध्ये डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ हे हौशी नियतकालिक काढलं आणि त्यांच्यासारख्या वेड्या लोकांनी जुन्या अंकांच्या याद्या जुळवायला घेतल्या. कोणत्या महिन्यात काय निघालं, कोणतं पात्र कुठे पहिल्यांदा आलं, कोणी काढलं. तोवर कुणालाच हे एकत्र ठाऊक नव्हतं. त्यावर १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचं दरपुस्तक आलं. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाची उत्तम प्रत त्यात ३०० डॉलर दाखवली होती. आजच्या आकड्यांपुढे हे हास्यास्पद वाटेल, पण दहा सेंटांचा अंक ३०० डॉलर होणं ही १९७० मध्ये अविश्वसनीय बाब होती. दरपुस्तक दरवर्षी निघू लागलं आणि त्यातले आकडे दाखवून दुकानदार भाव सांगू लागले, गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं.

दुसरं साधन २००० साली आलं. सीजीसी ही संस्था. मालक अंक तिच्याकडे पाठवतो, तिथले लोक पानं मोजतात, कडा, कणा, पिना, पुठ्ठ्यावरची चमक आणि कागदाचा पांढरेपणा पाहतात, ०.५ पासून १० पर्यंत गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक आवरणात कायमचा बंद करतात. त्याला सगळेच स्लॅब म्हणतात. आधी विकणारा म्हणायचा ‘मस्त आहे’, घेणारा म्हणायचा ‘ठीक आहे’. आता दोघांच्या मध्ये तिसऱ्यानं दिलेला आकडा आला. मग न पाहता, फक्त आकडा वाचून, दुसऱ्या खंडातून बोली लावता येऊ लागली. या एका बदलानं बाजाराची उलाढाल जितकी वाढली तितकी दुसऱ्या कशानंच वाढली नाही असं माझं मत आहे.

पण त्या आकड्यानं काही माणसांना बुडवलंही. १९७० आणि ८० च्या दशकांत जुन्या अंकांची दुरुस्ती हा मानाचा कसबी धंदा होता. फाटलेला कोपरा जोडायचा, उडालेला रंग भरायचा, पुठ्ठा धुऊन काढायचा. असे अंक चांगल्या भावाला जात. सीजीसीनं दुरुस्त केलेल्या अंकांना जांभळ्या रंगाची वेगळी पट्टी लावायला सुरुवात केली आणि एका रात्रीत त्या प्रती दुसऱ्या दर्जाच्या झाल्या. कित्येक जुन्या संग्राहकांना आपल्याकडच्या अंकावर कधीकाळी रंगाचा हात फिरला होता हे तेव्हाच कळलं. याउलट उष्णता, ओलावा आणि दाब देऊन पुठ्ठ्यावरच्या घड्या सपाट करण्याला दुरुस्ती मानलं जात नाही. त्यामुळे अंक दाबून घ्यायचा, पुन्हा तपासायला पाठवायचा, ९.२ चा ९.४ करून आणायचा, हा एक स्वतंत्र उद्योग झाला आहे. वरच्या टोकाला दोन दशांशांच्या फरकानं भाव दुप्पट होऊ शकतो, म्हणून हे चालतं. वाचकानं हेही ध्यानात ठेवावं की सीजीसी कोणत्या अंकाच्या किती प्रती तपासल्या याची जी गणती जाहीर करते, तिच्यात एकच प्रत दोनदा मोजली गेलेली असू शकते. आवरण फोडून अंक पुन्हा पाठवला आणि जुनी चिठ्ठी परत केली नाही, की कागदोपत्री एकाचे दोन झाले.

दुर्मीळ म्हणजे महाग, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे, आणि तो दूर करण्यासाठी या पुस्तकाची बरीच पानं खर्ची पडली आहेत. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाहून कमी प्रती उरलेले शेकडो अंक आहेत. काहींच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती ठाऊक आहेत. ते काही शे डॉलरला मिळतात, कारण त्यांतला नायक कुणाला आठवत नाही. उलट स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक, ऑगस्ट १९६२ चा, मुळीच दुर्मीळ नाही. पैसे असतील तर या आठवड्यातही कुठली ना कुठली प्रत मिळेल. तरीही त्याची ९.६ गुणांची एक प्रत मार्च २०११ मध्ये ११ लाख डॉलरला आणि तेवढ्याच गुणांची प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाखांना गेली. १९७४ मधला ‘हल्क’चा १८१ वा अंक, ज्यात वूल्व्हरिन पूर्ण कथेत पहिल्यांदा दिसला, त्याच्या हजारो प्रती स्लॅबमध्ये आहेत आणि त्याची मागणी हटत नाही. बाजार ज्याला की इश्यू म्हणतो ते हे. एखादं पात्र जिथे जन्मलं, जिथे मेलं, जिथे त्याचं रूप पालटलं, ते अंक. आणि ते पात्र आज जिवंत असलं पाहिजे, म्हणजे सिनेमात, खेळण्यांवर, मुलांच्या दप्तरावर.

याची दुसरी बाजू पाहायची असेल तर काऊबॉय-कॉमिक्सकडे पाहावं. रॉय रॉजर्स, जीन ऑट्री यांचे अंक एके काळी सुपरहिरोंच्या बरोबरीनं खपत, आणि पन्नाशी-साठीतले गृहस्थ आपलं बालपण परत आणायला त्यांना चांगले पैसे मोजत. ती पिढी गेली तसे भाव उतरत गेले. अंक तेवढेच जुने, तेवढेच सुंदर, कित्येकदा रेखाटनात सरस. ज्यांनी ते बारा वर्षांचे असताना वाचले होते ती माणसं मात्र राहिली नाहीत. म्हणून कॉमिक्सच्या भावाचा आलेख पाहताना कागदाच्या वयाइतकंच ग्राहकाचं वयही विचारात घ्यावं लागतं.

जपून ठेवण्यासाठी छापलेल्या अंकांबद्दल मी म्हणालो होतो, ते आता. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या अंकांच्या किमतीच्या बातम्या घरोघर पोहोचल्या. डिसेंबर १९९१ मध्ये सदबीजसारख्या कलावस्तूंच्या जुन्या लिलावगृहानं कॉमिक्सचा स्वतंत्र लिलाव केला. लोकांनी हिशेब मांडला की दहा सेंटांचे हजारो झाले, तर आजच्या दीड डॉलरचे किती होतील. प्रकाशकांनी तो हिशेब ओळखला. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि ऐंशी लाखांवर प्रती दुकानांकडे गेल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला आणि लाखो लोकांनी पिशवी न उघडताच तो कपाटात ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. पुढच्या तीनचार वर्षांत फुगा फुटला, हजारो दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या अंकांना आज फारसा भाव नाही. त्याच काळाच्या आगेमागे कुणाच्या खिजगणतीत नसलेले काही अंक मात्र चढले. १९८४ मध्ये दोन तरुणांनी स्वतःच काढलेला ‘निंजा टर्टल्स’चा पहिला अंक जेमतेम तीन हजारांच्या आसपास छापला होता. तो आज मौल्यवान आहे, कारण तेव्हा तो कुणी गुंतवणूक म्हणून घेतला नव्हता.

दहा लाखांचा उंबरठा फेब्रुवारी २०१० मध्ये ओलांडला गेला, आणि तोही एकाच आठवड्यात दोनदा. आधी ‘ॲक्शन’ची एक प्रत दहा लाखांना, मग दोनचार दिवसांतच ‘डिटेक्टिव्ह’चा सत्ताविसावा अंक १० लाख ७५ हजार ५०० ला. मार्चअखेर ‘ॲक्शन’ची आणखी चांगली प्रत पंधरा लाखांवर. शेअर बाजाराच्या २००८ च्या पडझडीनंतर पैसा ठेवायला जागा शोधणाऱ्या लोकांची नजर इथे वळली होती. त्या दशकात एका प्रतीचा प्रवास सगळ्यांच्या लक्षात राहिला. नट निकोलस केज यानं १९९० च्या दशकात दीड लाख डॉलरला घेतलेली ‘ॲक्शन’ची प्रत २००० साली त्याच्या घरातून चोरीला गेली. २०११ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या गोदामात सापडली, नोव्हेंबरमध्ये २१ लाख ६० हजारांना विकली गेली, आणि जानेवारी २०२६ मध्ये दीड कोटीला गेली ती हीच. चौदा वर्षांत जवळजवळ सात पट.

महासाथीच्या काळात, २०२१ आणि २२ मध्ये, सगळंच वर गेलं. घरात अडकलेले लोक, हातात आलेला पैसा, स्वस्त व्याज. जानेवारी २०२२ मध्ये ‘ॲक्शन’ची ६.० गुणांची, म्हणजे मध्यम अवस्थेतली प्रत ३१ लाख ८० हजारांना गेली. १९३८ मध्ये ती घेणाऱ्या मुलानं मुखपृष्ठावर रॉकेटचा रबरी शिक्का मारून ठेवला होता. तो शिक्का अजून तिथेच आहे आणि त्या प्रतीला त्याच नावानं ओळखतात. मला ती प्रत सगळ्या निर्दोष प्रतींहून जास्त आवडते. व्याजदर वाढले तसा मधल्या थरातला माल खाली आला. जे अंक पुष्कळ आहेत आणि ज्यांचे भाव निव्वळ एखाद्या आगामी सिनेमाच्या आशेवर चढले होते, त्यांना सर्वाधिक मार बसला. वरच्या टोकाचे मोजके अंक मात्र चढतच राहिले. म्हणून ‘कॉमिक्सचा बाजार तेजीत आहे’ किंवा ‘मंदीत आहे’ अशी सरसकट वाक्यं वाचली की सावध व्हावं. कोणता अंक, किती गुणांचा, आणि तेवढ्याच गुणांची प्रत मागच्या वेळी कितीला गेली, एवढं कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आकडे वाचताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. लिलावगृह जाहीर करतं त्या किमतीत त्याचा खरेदीदाराकडून घेतलेला आकार धरलेला असतो. हेरिटेजमध्ये २०२५ च्या लिलावात तो २० टक्के होता, म्हणजे ९१ लाख २० हजारांची बातमी झाली तेव्हा बोली ७६ लाखांवर थांबलेली होती. विकणाऱ्याच्या हातात पडते ती रक्कम त्याहून वेगळी. दुसरं असं की लिलाव उघड्यावर होतो, खासगी व्यवहार दारामागे. दीड कोटीच्या व्यवहारात विकणाराही निनावी, घेणाराही निनावी. तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण दुसरा बोली लावणारा कुठवर आला होता हे जिथे दिसत नाही, तिथला आकडा लिलावाच्या आकड्याशेजारी एकाच रकान्यात मांडू नये, आणि या पुस्तकातही ते रकाने वेगळे ठेवले आहेत.

या सगळ्या पैशातला एकही डॉलर ज्यांनी ही पात्रं घडवली त्यांच्याकडे गेला नाही. जुनी प्रत विकली जाते तेव्हा निर्मात्याला काही मिळत नाही, हा व्यवहारच तसा आहे, हे मान्य. पण १३० डॉलरच्या त्या चेकचं पुढे काय झालं ते विसरून हे आकडे वाचणं मला जमत नाही. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू असताना साठीला आलेला सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलनं वर्तमानपत्रांकडे धाव घेतली, व्यंगचित्रकार पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये कंपनीनं दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि अंकांवर नाव द्यायचं कबूल केलं. ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकासाठी स्टीव्ह डिटको यानं शाईनं काढलेली मूळ चोवीस पानं लिलावात आली असती तर काय भाव आला असता याची कल्पनाही करवत नाही. ती ज्या कुणाकडे होती त्यानं २००८ मध्ये नाव न सांगता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. अभ्यासक ती तिथे जाऊन पाहू शकतात. या बाजारातला माझ्या लेखी सर्वांत मोठा व्यवहार हाच, आणि त्याला किंमत नाही.

स्लॅबमधला अंक वाचता येत नाही. मुखपृष्ठ दिसतं, मलपृष्ठ दिसतं, आतली पानं बंद. मला याचा त्रास होतो. तेरा पानांची ती गोष्ट मात्र कुठेच अडकलेली नाही. तिच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या चहाच्या दोन कपांच्या किमतीत मिळतात. तेव्हा लाखो डॉलर गोष्टीसाठी मोजले जात नाहीत हे उघड आहे. ते मोजले जातात त्या विशिष्ट कागदासाठी, जो १९३८ च्या वसंतात एका मुलानं दहा सेंट देऊन घरी नेला आणि जो आपल्यापर्यंत पोहोचला.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. मुंबईत टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, पहिला अंक फँटमचा, किंमत साठ पैसे. ते मराठीतही निघे, आणि १९९० मध्ये बंद झालं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ त्यातूनच आला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’चे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते आणि राम वाईरकरांनी रेखाटलेला ‘कृष्ण’ अकराव्या क्रमांकावर आला, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना आजही ठाऊक नसते. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी केलेलं काम तर दोन-तीन प्रकाशनांत विखुरलेलं आहे. हे अंक दिवसाच्या भाड्यानं वाचनालयांतून फिरले, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले, आणि जूनमध्ये रद्दीवाल्याच्या तराजूत पडले. ज्यांनी प्रेमानं ठेवले त्यांनी बायंडिंगवाल्याकडून दहा-दहा अंकांचे खंड शिवून घेतले. त्यानं कडा एकसारख्या करायला कापल्या, अंकांचे पुठ्ठे काढून टाकले, पिना उपटल्या. आज पहिल्या शंभरातला, न शिवलेला, न कापलेला मराठी इंद्रजाल दिसणं ही मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे या अंकांना अजून दरपुस्तक नाही, गुण देणारी संस्था नाही, गणती नाही, आणि त्याची मला घाईही नाही. अमेरिकेत भावाच्या आधी यादी आली होती आणि ती यादी विकण्यासाठी नव्हे, हौसेनं झाली होती. मराठी अंकांची तशी यादी व्हायला हवी. इंद्रजालचं काम त्यात किचकट आहे, कारण आधी सलग क्रमांक होते आणि पुढे खंड-अंक पद्धत आली. म्हणून ज्यांच्या घरी असे गठ्ठे आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच : फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, अंक लॅमिनेट करू नका, खंड उसवू नका. एका वहीत प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना, छापील किंमत, कथेचं नाव आणि कुठे नाव छापलं असेल तर चित्रकाराचं आणि अनुवादकाचं नाव लिहून काढा. मुखपृष्ठाचा आणि छपाईची माहिती असलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विकायचे की ठेवायचे ते मग सावकाश ठरवा.